मॉरिशसला असते

"मुलं किती तुम्हाला?" नव्या माणसाने विचारलं, आणि विठ्ठल म्हणाला, "एकच मुलगी. मॉरिशसला असते."

कंपनीची बस तेव्हा बहारीनच्या सित्रा बेटाच्या पुलावर चढत होती. दोन्ही बाजूंना ओहोटीचं पाणी मागे सरलेलं, उघड्या पडलेल्या चिखलाचा तो वास खिडक्या बंद असूनही आत आलेला. नवा माणूस बाळाजी, साताऱ्याकडचा वेल्डर, नुकताच मुंबईहून आलेला आणि अजून सगळ्यांना सगळं विचारणारा. "मॉरिशसला? लांब गेली की. जावई काय करतात?" साखर कारखान्यात केमिस्ट आहेत, असं विठ्ठलने सांगितलं. "मग सुखात आहे म्हणायची," बाळाजी म्हणाला. "हो," विठ्ठल म्हणाला. शेजारच्या सीटवर हारून बसला होता. रत्नागिरीचा, कंपनीच्या स्टोअरमध्ये कारकून, कितीतरी वर्षं विठ्ठलच्या खोलीत राहणारा. त्याने मान वळवली नाही. हातातलं वर्तमानपत्र मात्र त्याने वाचायचं थांबवलं, आणि बस रिफायनरीच्या फाटकातून आत शिरेपर्यंत ते तसंच त्याच्या मांडीवर पसरलेलं राहिलं.

त्या मुलीला, नीलाला, जाऊन वर्ष होत आलं होतं. दुसऱ्या बाळंतपणात रक्तस्राव थांबला नाही, मूलही वाचलं नाही. तार आली तेव्हा तिकडे सगळं उरकलं होतं. ही गोष्ट विठ्ठलला माहीत नव्हती असं नाही. त्या दिवशी पंपहाउसमध्ये व्हॉल्व्ह उघडताना, बंद करताना, काटे बघून आकडे मांडताना तो स्वतःला पुन्हा पुन्हा तपासत राहिला. आपण खोटं बोललो का? खोटं बोलण्यासाठी आधी खरं ओठांवर यावं लागतं, मग ते गिळावं लागतं. तसं काहीच झालं नव्हतं. वाक्य आपलं आपण आलं होतं. बावीस वर्षं तो हेच वाक्य बोलत आला होता. मुलगी गावाला असते. मुलगी मुंबईला मामाकडे असते, कॉलेजात. मुलगी मॉरिशसला असते. फक्त गावाचं नाव बदलत गेलं. ती नेहमी दुसरीकडे कुठेतरी असायची, आणि तिचं तसं असणं त्याला पुरत होतं. आता ती नव्हती, तर त्याच्या खोलीत काय कमी झालं होतं? तिची बसायची जागा नव्हती की ती रिकामी दिसावी. तिचं ताट नव्हतं, टॉवेल नव्हता. सकाळची बस, शिफ्ट, हारूनने केलेला चहा, शुक्रवारी मनामाच्या बाजारात फेरी, सगळं होतं तसं चाललं होतं. गावाला सत्यवती, त्याची बायको, जेवताना मधेच उठून मागीलदारी जाऊन बसते असं कुणीतरी कळवलं होतं. ते ऐकून त्याला तिचा हेवा वाटला होता. तिला उठून जायला काहीतरी होतं.

संध्याकाळी खोलीवर हारूनने दोन कप चहा आणला आणि कॉटच्या कडेवर बसला. "विठ्ठलदादा, एकदा जाऊन या," तो म्हणाला. "कुठे?" "तिकडेच. नातीला तरी बघून या." विठ्ठल म्हणाला, "आता जाऊन काय करू?" तार आली तेव्हाही तो हेच म्हणाला होता. तेव्हा प्लँटचं शटडाउन चालू होतं, माणसं कमी होती, आणि ते कारण त्याला बरं पडलं होतं.  हारूनने टेपरेकॉर्डरकडे पाहिलं. त्यात सत्यवतीची कॅसेट होती. महिन्यापूर्वी गावचा एक ड्रायव्हर ती घेऊन आला होता. सत्यवती रेकॉर्ड करताना अंगणातच बसली असावी, कोंबड्यांचा आवाज तिच्या आवाजाइतकाच मोठा आला होता. "मी सांगतंय ता आयका," ती म्हणत होती. "नीलाचा चेडू थंय परक्यांत वाढता. तुमी जावा आनी तिका घेवन येवा. माका दुसरा काय नको." मग बराच वेळ नुसत्या कोंबड्या. टेप बंद कशी करायची ते तिला कुणी सांगितलं नसावं.

तो मुंबईवरूनच मॉरिशसला गेला. सत्यवती परळला तिच्या भावाकडे येऊन राहिली होती. ती रडली नाही. नात आता केवढी असेल त्याचा अंदाज तिने जमिनीपासून हात वर धरून दाखवला, मग तो हात थोडा खाली आणला, मग पुन्हा वर. "येवडी आसतली," ती म्हणाली. परतीच्या विमानाच्या वेळी आपण स्वतः सहार विमानतळावर येणार, भावाने कितीही सांगितलं तरी घरी थांबणार नाही, हे तिने त्याला दोनदा बजावलं. सत्यवतीच्या गालांची हाडं वर आलेली त्याने तेव्हा प्रथम पाहिली. बाईचं वय दर दोन वर्षांनी एकदम वाढतं, असंच त्याला आयुष्यभर वाटत आलं होतं.

प्लेझान्सच्या विमानतळावर जावई घ्यायला आला होता. देवराज गुंडू. लग्नात विठ्ठलने त्याला तीन दिवस पाहिलं होतं. भारत सरकारची स्कॉलरशिप घेऊन मुंबईत शिकायला आलेला हसरा मुलगा, जपून शब्द लावत मराठी बोलणारा. गुंडू हे त्याच्या खापरपणजोबाचं नाव. तो कोकणातून बोटीने ऊस तोडायला आला, कुण्या गोऱ्या कारकुनाने नाव विचारलं, त्याने गुंडू सांगितलं, तेच पुढे घराण्याचं आडनाव झालं. आता देवराजचे कल्ले पांढरे होऊ लागले होते. त्याने वाकून नमस्कार केला आणि बॅग उचलली. गाडीत तो बेटाबद्दल बोलत राहिला, बोलायला दुसरं काही नसावं म्हणून. हे आधी फ्रेंचांचं, मग इंग्रजांनी लढून घेतलं, पण घेताना फ्रेंचांना सांगितलं की तुमची भाषा, तुमचा धर्म, तुमचा कायदा तुमच्यापाशी ठेवा. म्हणून गाड्या डावीकडून चालतात आणि गावांची नावं फ्रेंच. सरकारी पाटी इंग्रजीत, पेपर फ्रेंचमध्ये, शाळेची पुस्तकं इंग्रजी, शाळेच्या मधल्या सुटीत आणि घरात क्रिओल, फ्रेंच मोडून झालेली इथली बोली. "आणि मराठी?" विठ्ठलने विचारलं.  "मराठी देवळात," तो म्हणाला.

उसाची शेतं दोन्ही बाजूंना डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेलेली, आणि शेतांच्या मधेमधे काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग. गुंडूसारख्यांनी जमीन साफ करताना हातांनी वेचून रचलेले, असं देवराज म्हणाला. लांब एका उंचवट्यावर झाडांच्या रांगेच्या शेवटी पांढरं, रुंद व्हरांड्याचं घर दिसलं, फ्रेंच मळेवाल्याचं. विठ्ठलला बहारीन आठवलं. तेही बेटच. तिथेही इंग्रज होते, आणि एकाहत्तर साली ते गेले तेव्हा तो सित्राच्या धक्क्यावर ड्यूटीवर होता. झेंडा उतरला म्हणे, पण त्याने तो पाहिला नाही, त्याला पाइपलाइनचं प्रेशर बघायचं होतं. बेटं एका हातातून दुसऱ्या हातात जातात, आणि त्यावरच्या माणसांना शिफ्ट बदलल्याइतकंच कळतं. नीलाने हे दगड पाहिले असतील. कोणाबरोबर? या रस्त्यावरून जाताना ती खिडकीशी बसत असेल की मधे? आपल्या मुलीला गाडीत कुठे बसायला आवडतं हेसुद्धा आपल्याला ठाऊक नाही, असं त्याच्या मनात आलं. ते शेजारी बसलेल्या देवराजला ठाऊक असणार, पण विचारायची लाज वाटली.

कास्कावेल गावात घर होतं. देवराजची आई दारात आली, तिच्या मागे त्याची बहीण हेमा, शाळेत शिकवणारी, तिशीची, आणि हेमाच्या कमरेला मिठी मारून ती, नात. कागदावर गोदावरी, विठ्ठलच्या आईचं नाव. पण ते नाव इथल्या तोंडांत बसलं नव्हतं, सगळे दावी म्हणत. सावळी, मोठ्या कानांची, केस हेमाने दोन घट्ट वेण्यांत बांधलेले. विठ्ठल खाली बसला, हात पुढे केले. "ये," तो म्हणाला. तिने हेमाच्या पोटात तोंड लपवलं आणि काहीतरी बोलली. त्यातला एकच शब्द त्याला ओळखीचा वाटला, मामं. पुढे घरात तो शब्द दिवसभर ऐकू यायचा. मामं, मामं. त्याला वाटलं आईच्या भावाला हाक मारतेय, मग कळलं की फ्रेंचांकडून आलेला आईसाठीचा शब्द, आणि ती तो हेमाला म्हणते. मनामाच्या बाजारातून आणलेली डोळे मिटणारी बाहुली तिने घेतली, "मेर्सी" म्हणाली, आणि पाय लावून आतल्या खोलीत पळाली.

दिवस जाऊ लागले तसा विठ्ठल त्या घरात अधिकाधिक पाहुणा होत गेला. देवराज कामावर जायचा, हेमा शाळेत. म्हातारीला मराठी समजत नव्हती, ती त्याला खाऊ घालायची आणि नीलाचा फोटो पुसायची. तो दावीशी बोलायचा प्रयत्न करी. मांजर दाखवून मांजर म्हणे, ती दुरुस्त केल्यासारखी "शात" म्हणे. भात कालवून घास पुढे केला की "मो पा ले." म्हणजे नको. हे तीन शब्द त्याला पहिल्याच दिवशी पाठ झाले. मो पा ले गोष्ट, मो पा ले फिरायला, मो पा ले तुमचा हात. ती वाईट वागत नव्हती. बस स्टॉपवर अनोळखी माणसाने फार बोलायला लागावं आणि आपण सभ्यपणे बाजूला सरावं, तशी ती सरत होती. संध्याकाळी हेमा आली की आरामखुर्चीत तिच्या मांडीवर चढायची आणि झोप येईपर्यंत तिच्या कानाची पाळी दोन बोटांत चोळत राहायची.

एका रविवारी देवराजने त्याला देवळात नेलं. कास्कावेलचं देऊळ विठ्ठल-रखुमाईचं. आपल्याच नावाच्या देवासमोर तो हात जोडून उभा राहिला आणि त्याला काहीच मागता येईना. भजन झालं. म्हणणाऱ्यांचे उच्चार मोडलेले, पण चाल गावच्यासारखीच, त्याच्या बापाच्या तोंडची. नंतर सर्वांत म्हातारे गृहस्थ, त्यांना सगळे दाजी म्हणत, काठी टेकत त्याच्याजवळ आले. देवराजने त्यांचं बोलणं सांगितलं, "ते म्हणतात, आम्ही मराठी गातो, पण मराठी बोलणं ऐकायला मिळत नाही. नीला यायची, ती बोलायची आमच्याशी. आता कुणी नाही. तुम्ही बोला." "काय बोलू?" "काहीही." दाजी डोळे मिटून बाकावर बसले, त्यांच्याभोवती आणखी चारसहा माणसं.  शेवटी विठ्ठल पंपाबद्दल बोलू लागला. टाकीतून तेल कसं येतं, व्हॉल्व्ह आधी थोडा उघडायचा, एकदम उघडला तर पाइप हादरतो, उन्हाळ्यात हाताला लोखंड कसं चटका देतं, बसमध्ये सगळे कसे झोपतात. बोलता बोलता त्याला जाणवलं की इतकं सलग तो कुणाशी कधी बोललाच नव्हता. सत्यवतीशी नाही, नीलाशी तर नाहीच. नीला सुटीत त्याच्यासमोर बसायची, "बाबा, तिकडचं सांगा ना काहीतरी," म्हणायची, आणि तो म्हणायचा, तिकडे काय, काम. इथे ही माणसं, ज्यांना एक अक्षर कळत नव्हतं, मान डोलवत ऐकत होती. तो मधेच थांबला. दाजींनी डोळे उघडले नाहीत, थांबू नका अशी हाताने खूण केली.

त्याच दुपारी व्हरांड्यात देवराजने विषय काढला. "तुम्ही तिला न्यायला आलात, मला ठाऊक आहे. मी अडवणार नाही." तो जपून बोलत होता, एकेक शब्द पायरी चाचपडल्यासारखा ठेवत. "घरात सगळे म्हणतात मी परत लग्न करावं. मी अजून हो म्हटलेलं नाही, पण म्हणेन. नीलाच्या आईचा हक्क आहे. ती एकटी आहे. तिथे दावी नीलाची भाषा शिकेल." "आणि हेमा?" विठ्ठलने विचारलं. देवराज म्हणाला, "हेमाने दावीची बॅग भरायला घेतलीय. ती काही बोलत नाही." आतून कपाट उघडल्याचा, खण ओढल्याचा आवाज येत होता. विठ्ठलला जिंकल्यासारखं काहीतरी वाटायला हवं होतं. न्यायला आला होता, नेऊ देत होते. त्याने सत्यवतीचा वर धरलेला हात आठवून पाहिला.

निघायच्या आदल्या दिवशी तो दावीला एकटाच समुद्रावर घेऊन गेला. देवराजने गाडीने सोडलं, नंतर न्यायला येतो म्हणाला. पाणी उथळ, काचेसारखं, लाटा दूर प्रवाळाच्या भिंतीवर फुटणाऱ्या, किनाऱ्यापर्यंत त्यांचा नुसता आवाज. ती वाळूत बाहुलीला बसवून खेळू लागली. बाहुली सारखी कलंडत होती. तिने तिला दोनदा नीट बसवलं, तिसऱ्यांदा तिच्या डोक्यावर चापट मारली आणि म्हणाली, "गप रव गो!"

विठ्ठल वाळूत होता तिथेच बसून राहिला. तो सत्यवतीचा आवाज होता. "गो" वर तो झटका, मग लगेच नाकाने श्वास सोडणं, तंतोतंत. सत्यवतीने नीलाला असं दटावलं असणार, नीलाने हिला. आणि आई गेली, आईचा चेहरा पुसला गेला, भाषा गेली, एवढं एक दटावणं शिल्लक राहिलं. ते काय आहे हे तिला ठाऊकही नव्हतं. तिला तो बाहुल्यांना बोलायचा शब्द वाटत असावा. विठ्ठलला एकदम वाटलं, हिला नेलंच पाहिजे. हे एवढं उरलंय त्यावरून बाकी सगळं परत येईल, सत्यवतीच्या अंगणात महिन्याभरात येईल. तो उठला, "दावी, गो, आयक, आयक," असं गावच्या बोलीत म्हणत त्याने तिला उचलून छातीशी धरलं. ती किंचाळली नाही. ती ताठ झाली. हातपाय सरळ, मान मागे, लाकडाच्या फळीसारखी. श्वाससुद्धा रोखलेला.

ते अंग त्याला ओळखीचं होतं. नीला दोन वर्षांची असताना तो बहारीनला आला. पहिली सुटी मिळाली तेव्हा ती शाळेत जाऊ लागली होती. बैलगाडीतून उतरून त्याने अंगणातच तिला उचललं, आणि ती अशीच त्याच्या हातांत ताठ झाली. मग संध्याकाळी चुलीपाशी तिने आईला विचारलं, "हो मानूस कधी जातलो?" सगळे हसले होते. तोही हसला होता, पुढे खोलीतल्या लोकांना ही गंमत म्हणून सांगतही आला होता. आणि तो गेला होता. सुटी संपल्यावर गेला होता. दर वेळी ती थोडी सैल व्हायची, शेवटच्या आठवड्यात त्याच्या पाठीवर चढायची, आणि तो जायचा. परत यायचा तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. आता हिला नेऊन काय करणार होता तो? सत्यवतीच्या ओटीत घालून, सुटी संपली की बहारीनची बस. सत्यवती किती वर्षं पुरणार? त्याने दावीला वाळूत उतरवलं. ती बाहुली उचलून चार पावलं लांब जाऊन बसली, आणि देवराजची गाडी येईपर्यंत रस्त्याकडे तोंड करून राहिली.

तरीही दुसऱ्या दिवशी सगळे विमानतळावर गेले. काही ठरवलं नाही की ठरलेलं तसंच पुढे जात राहतं. दावी नव्या फ्रॉकमध्ये खूश होती, काचेतून विमानं बघत होती, आणि आज पहिल्यांदाच तिने विठ्ठलचं बोट आपणहून धरलं. हेमा त्याच्याशी थोडं हिंदीत, थोडं इंग्रजीत बोलत होती. अंड्यातलं पिवळं खात नाही. ताप आला की पाय गार पडतात. "और सोने के टाइम, इयर. कान. किसी का भी कान पकड़ती है," असं म्हणून तिने आपल्या कानाची पाळी धरून दाखवली, आणि मग तो हात तसाच तिथे राहिला. दावीने वर बघून देवराजला काहीतरी विचारलं. देवराजने हेमाकडे पाहिलं. "काय म्हणते?" विठ्ठलने विचारलं.

"विचारतेय," देवराज म्हणाला, "विमानात मामंची सीट कुठे आहे."

"तुम्ही तिला सांगितलं नाहीत?"

"आम्हाला वाटलं, तुम्ही..." देवराज थांबला. "नाही. कुणीच सांगितलं नाही."

विठ्ठलने आपल्या बोटाभोवतीची ती छोटी मूठ पाहिली. मूठ घामेजलेली होती. त्याने दुसऱ्या हाताने ती हळूच सोडवली. "राहू दे तिला," तो म्हणाला. देवराजने नीट ऐकू आलं नसल्यासारखं पाहिलं. "इथेच राहू दे," विठ्ठल पुन्हा म्हणाला. देवराजने बहिणीला सांगितलं, आणि हेमा होती तिथेच, लोकांच्या बॅगांमध्ये, फरशीवर बसली. तिने दावीला ओढून घेतलं. आभार मानले नाहीत, विठ्ठलकडे पाहिलंही नाही. पण दावी तिच्या हातांतून सुटायला धडपडू लागली. तिला विमानात बसायचं होतं. सगळ्यांनी कबूल केलं होतं. "मो ले आले!" ती ओरडत होती. त्यातलं नकाराचं अक्षर गळलेलं विठ्ठलला कळलं. तिला जायचं होतं. दोन्ही हात पुढे करून, लाल होऊन ती ओरडत होती. ते हात त्याच्याकडे होते की त्याच्यामागच्या काचेतल्या विमानाकडे, हे त्याने वळून पाहिलं असतं तर कळलं असतं. तो चालत राहिला. काउंटरवरच्या बाईने मुंबईचं तिकीट मागितलं तेव्हा त्याने नैरोबीवरून बहारीनला जाता येईल का असं विचारलं. आपण हे विचारणार आहोत हे त्याला विचारेपर्यंत माहीत नव्हतं. मुंबईचं विमान सहारला उतरेल तेव्हा कठड्याशी सत्यवती उभी असेल, इतकंच त्याला दिसत होतं, आणि त्या कठड्यापर्यंत रिकाम्या हाताने चालत जायला लागणारे पाय त्याच्यापाशी नव्हते.

बहारीनला तो पोचला तेव्हा ऊन पांढरं झालं होतं. हारून खोलीत इस्त्री करत होता. त्याने दाराकडे पाहिलं, विठ्ठलच्या मागे पाहिलं, इस्त्री उभी करून ठेवली. "भाभीला कळवलंत?" त्याने एवढंच विचारलं. विठ्ठलने बूट सोडायला घेतले. "दादा, ती माणसं विमानतळावर जाऊन परत आली असतील. काय काय मनात आलं असेल त्यांच्या. उठा, यल्ला, चला." हारूनने त्याला टॅक्सीत घातलं, मनामाच्या टेलिफोन ऑफिसात नेलं, परळचा नंबर स्वतः लिहून दिला आणि बाहेर थांबला. काचेच्या केबिनमध्ये रिसीव्हरला कुणाच्या तरी अत्तराचा वास येत होता. आधी मेव्हणा बोलला, ओरडला, काय माणूस आहात, बाई पहाटेपासून उभी होती, असं काहीतरी. मग खरखर, आणि सत्यवती.

"तुमी बरे आसात मा?" तिने विचारलं.

"होय."

"चेडू?"

"थंयच आसा. बरी आसा. आत्येक आवस म्हणता." तो गडबडीने बोलू लागला. "मी घेवन येतलंय होतंय. पण तिका... तिका कोणी सांगूकच नाय होता."  गप रव गो त्याच्या ओठांवर आलं होतं. ते सांगितलं तर ती काय करेल, या भीतीने त्याने ते मागे घेतलं.

सत्यवती ओरडली नाही. वाट बघितल्याबद्दल, विमानाबद्दल एक शब्द बोलली नाही. तिने विचारलं, "दिसता कशी? नीलासारखी दिसता?"

विठ्ठलने डोळे मिटले. मोठे कान, दोन वेण्या, वाळूत बसलेली पाठ, हे त्याला दिसलं. त्याच्या शेजारी ठेवायला दुसरं काही दिसेना. नीला एवढी होती तेव्हा तो इथे होता. ज्या वर्षी त्याने पंपहाउस शिकून घेतलं, ज्या वर्षी सुटी पुढे ढकलली, तेव्हा ती एवढी होती. हो म्हणायचं होतं. हो म्हणणं इतकं सोपं होतं.

"सत्यवती," तो म्हणाला, "नीला तेवा कशी दिसायची?"

 रिसीव्हर आपटल्याचा आवाज आला नाही. तो हलकेच कशावर तरी, बहुतेक टेबलावर, ठेवला गेला. मग पावलं दूर जाताना ऐकू आली, कुणीतरी "आत्या" अशी हाक मारली, आत कुठेतरी नळ सुटला, भांड्यात पाणी पडू लागलं, भांडं भरत आल्यावर बदलत जातो तसा त्याचा आवाज बदलत गेला. विठ्ठल कान लावून ते ऐकत उभा राहिला. बाहेर रांगेतल्या माणसाने काचेवर टकटक केली. हारूनने त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला नेलं. पलीकडे आता झाकणाचा आवाज झाला, एक मूल हसलं, आणि मग ऑपरेटरने लाइन काढून घेतली.